डाग्नीचा उजवा कान

डाग्नी रोस्ट्रम ही उत्तर स्वीडनातल्या हुडिक्स्वाल गावच्या खाटकाची पोर. बाराव्या वर्षी ती डुकराचा मागचा पाय पिरगाळून त्याला आडवं पाडायची आणि बाप सुरी फिरवेपर्यंत मानेवर गुडघा रोवून शाळेची कविता पाठ करायची. पुढे ती नटी व्हायला निघाली तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बरं झालं, आता रक्त तरी बघायला नको पोरीला." नाटकमंडळ्या कशा असतात हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

एकोणिसाव्या वर्षी ती टॉरवाल्ड ब्रांडेलियसच्या फिरत्या कंपनीत लागली. ब्रांडेलियस कंपनीचा मालक, दिग्दर्शक आणि अर्थातच नायक. सगळे त्याला 'डायरेक्टर' म्हणत. त्याची बायकोही म्हणायची, पण ती पुढे एका दातांच्या डॉक्टराबरोबर फिनलंडला निघून गेली. तिची आणि दातांच्या डॉक्टराची ओळख कशी झाली असेल, हे कंपनीत कुणी कुणाला विचारत नसे.

कंपनीची नाटकं बहुतेक एकाच वळणाची. शेताचा धनी, घरातली मोलकरीण, आणि तिसऱ्या अंकात थोबाडीत. मोलकरीण म्हणजे डाग्नी. इतर मंडळ्यांत नट हवेत हात फिरवायचे आणि विंगेत कुणीतरी टाळी वाजवायचं. ब्रांडेलियसला ते पटत नसे.

"खोटी थप्पड शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही," तो म्हणायचा. "लोक एवढ्या बर्फातून चालत येतात ते काय टाळ्या ऐकायला?"

लोक खरंच त्यासाठी यायचे. लाकूडतोडे, कोळी, त्यांच्या बायका, सगळे डाग्नीची मान फिरली की एका सुरात श्वास ओढायचे आणि मध्यंतरात कॉफी पिता पिता वर्णन करायचे. ब्रांडेलियसच्या अंगठीचा खडा एकदा तिच्या गालात रुतला. तो व्रण तिच्याजवळ कायमचा राहिला, आणि अंगठी बिघडली म्हणून डायरेक्टर आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

अकरा वर्षं हे चाललं. मार नेहमी डाव्या गालावर, कारण तो उजव्या हाताचा आणि ती त्याच्यासमोर. लुलेओच्या मुक्कामात एका सकाळी तिच्या उशीवर रक्त होतं, आणि डाव्या कानात समुद्राचा आवाज सुरू झाला होता. तो आवाजही काही दिवसांनी बंद पडला.

उमेओच्या डॉक्टराने आत नळी घालून पाहिलं. "हा संपला," तो म्हणाला. "नवरा मारतो का?"

"नवरा नाही हो. मालक."

"मग दुसरा कान तरी जपा, बाई. त्यातही चिरा दिसतायत. एक जोराची बसली की तोही बंद."

डाग्नीने हे फक्त हुल्दामावशीला सांगितलं. हुल्दामावशी कंपनीची प्रॉम्प्टर. तीस वर्षं रंगमंचाच्या पुढच्या कडेला, लाकडी खोक्यात, कमरेपासून वर तेवढी जिवंत असलेली बाई. नटाचं वाक्य अडलं की ती खालून पुटपुटायची आणि नट ते जसंच्या तसं उचलायचा. विचार वगैरे कुणी करत नसे. दौऱ्यात चार चार नाटकं फिरती असताना विचार करायला फुरसत कुणाला? डाग्नी आता उजवा कान खोक्याकडे येईल अशा बेताने उभी राहायची. तो कान म्हणजे तिचं पोट होतं. बहिऱ्या नटीला कोण घेणार? हुडिक्स्वालला परत जाऊन सॉसेज भरावे लागले असते.

सदतीस सालच्या नाताळात सुंद्स्वालला नवं नाटक होतं. आमच्याकडे नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग लावतात, हॅम खाऊन सुस्तावलेली माणसं घराबाहेर पडायला निमित्तच शोधत असतात. आदल्या दिवशीच्या तालमीत ब्रांडेलियस म्हणाला, "डाग्नी, या वेळी चूल त्या बाजूला आहे. मी तुझ्या मागून येणार, केस धरणार, आणि उजव्या कानाखाली देणार. आज नुसता हात फिरवतो. खरी उद्या."

"चूल हलवता येईल का, डायरेक्टर?"

"चूल? कशाला?"

तिने कारण सांगितलं. सगळ्यांसमोर सांगावं लागलं. पडदा ओढणारा म्हातारा वेर्नर मध्येच म्हणाला, "पुठ्ठ्याची चूल आहे हो. मांजर उचलावी तशी उचलतो मी."

ब्रांडेलियस हसला. "पोरी, तुला वाक्यं किती आहेत? 'हो धनी', 'नाही धनी' आणि 'दया करा, धनी, मी चुकले'. एवढ्यासाठी कान कशाला लागतो? आणि जड जात असेल तर सांग, सुंद्स्वालमध्ये मार खाणाऱ्या बायकांचा दुष्काळ नाही."

त्या रात्री डाग्नी रडली म्हणे. हुल्दामावशी मात्र शपथेवर सांगायची की ती रडली नाही. तिने डुकराचे दोन मोठे तुकडे खाल्ले आणि मोहरीची चटणी मागितली.

आता एक रीत सांगायला हवी. पहिल्या प्रयोगाला पडदा उघडण्याआधी आमची नटमंडळी एकमेकांच्या ढुंगणावर लाथ मारतात. त्याने यश येतं. हलकी लाथ, गुडघ्यानेच बहुधा. आणि जिला किंवा ज्याला लाथ बसते त्याने आभार मानायचे नाहीत. मीठ मागितलं तरी तीनदा आभार मानणारी ही माणसं त्या एका घडीला तोंड शिवून उभी असतात. ज्याने आभार मानले त्याचा प्रयोग बुडाला. त्याला मग कुणी हातही लावत नाही, न जाणो तो अपशकुन आपल्यालाही लागायचा.

रंगपटात रांग लागली. डायरेक्टरला प्रत्येकाने एक एक गुडघा दिला, अगदी साहेबाला द्यावा तसा. डाग्नी शेवटची. तिने मोलकरणीचे लाकडी तळाचे बूट घातले होते. स्कर्ट वर खोचला, मागे तीन पावलं गेली, आणि डुकरांच्या कळपात घुसायची तशी धावत येऊन त्याच्या पेकाटात अशी लाथ हाणली की तो आरशावर जाऊन आदळला. आरसा तडकला. माकडहाडातून आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला.

तो उठला तेव्हा कपाळावरून रक्त उतरत होतं. ओरडता येईना, रीत होती ना. वाकलेल्या कमरेने तो तिच्याकडे वळला आणि दात चावत, एकेक अक्षर तोडत म्हणाला, "आभारी आहे, डाग्नी. तिसऱ्या अंकात परतफेड करतो."

त्याने काय धमकी दिली ते कुणी ऐकलंच नाही. पहिला शब्द ऐकून वेर्नरने जमिनीवर तीनदा थुंकून घेतलं. नटांनी हळूच पाय मागे घेतले. डायरेक्टरला आपण काय बोलून बसलो ते कळलं, पण घंटा झाली होती.

पहिले दोन अंक तो उभ्यानेच खेळला. तिसऱ्यात तो तिच्या मागून आला. तिच्या केसांत बोटं खुपसली, डोकं मागे खेचलं आणि उजव्या कानावर हात उगारला. डाग्नीला तो दिसला नाही, पण लंगडं पाऊल फळ्यांवर कुठे पडलं ते तिने ऐकलं. त्याच कानाने. ती वळली, येणारं मनगट हवेतच धरलं आणि बापाने शिकवलं होतं तसं पिरगाळलं. हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

प्रेक्षकांनी श्वास ओढला.

ब्रांडेलियसने डाव्या मुठीने तिचं नाक फोडलं. तिने रक्त ओठांवरून चाटलं, त्याच्या कमरेत गुडघा घातला आणि त्याला पुठ्ठ्याच्या चुलीत डोक्यावर उलटा घातला. चूल फाटली. तो बाहेर आला तेव्हा गळ्यात चुलीचं दार अडकलं होतं. तिने ते दार धरूनच त्याचं तोंड फळ्यांवर आपटलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"पडदा," तो विंगेकडे बघून म्हणाला. "वेर्नर, पडदा."

वेर्नर स्टुलावर बसून पाईप साफ करत होता. दोर हाताशी होता. "आभार मानलेल्याला मी नाही शिवत," तो शेजारच्या नटाला म्हणाला. "मला तीन लहान नाती आहेत."

डायरेक्टर सरपटत पुढे आला, खोक्यापाशी. डोळे सुजले होते, वाक्य आठवत नव्हतं. आणि खोक्यातून, तीस वर्षं यायचा तसाच, हुल्दामावशीचा आवाज आला: "दया कर, डाग्नी, मी चुकलो."

आता सवय ती सवय. खोक्यातून आलं की तोंडाने उचलायचं. ब्रांडेलियस शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "दया कर, डाग्नी, मी चुकलो."

डाग्नीने हात खाली घेतले. वेर्नरने पडदा सोडला, कारण अंकाचं शेवटचं वाक्य झालं होतं.

लोक उभे राहिले. सात वेळा पडदा उघडावा लागला, आणि सातही वेळा नायक-नायिकेने हात धरून वाकायचं असतं. डाग्नीने मोडकं मनगटच धरलं. गावच्या वर्तमानपत्राने लिहिलं की श्रीयुत ब्रांडेलियस यांचा अभिनय या वेळी प्रथमच मनापासून वाटला.

दुसऱ्या सकाळी इस्पितळाच्या खाटेवरून त्याने तिला काढून टाकलं. तिचं काही अडलं नाही. ती स्टॉकहोमला गेली, सिनेमात लागली, आणि पुढची पंचवीस वर्षं स्वयंपाकीण, सासू, खाटकीण अशी कामं करत विनोदी नटांना थोबाडीत मारत राहिली. कॅमेऱ्यासमोर खोटी थप्पड चालते हे तिला नीट समजावून सांगितलं होतं. तरी दोन नटांनी आपल्या करारात तिचं नाव घालून घेतलं: हिच्यासोबत प्रवेश नको.

म्हातारपणी ती नटांच्या वृद्धाश्रमात राहिली. उजवा कान शेवटपर्यंत शाबूत. दोन खोल्यांपलीकडचं भांडण ती भिंतीतून ऐकायची आणि कॉफीच्या वेळी सुधारून सांगायची. आश्रमातल्या निम्म्या गोष्टी तिच्यामुळेच आपल्यापर्यंत आल्या आहेत.

एकाहत्तर साली ब्रांडेलियसही तिथेच आला, काठी टेकत, वाकड्या मनगटाचा. जेवणघरात फक्त तिच्याच टेबलाशी जागा रिकामी होती.

"बसू का, डाग्नी?"

"बसा की, डायरेक्टर," ती म्हणाली आणि डावीकडची खुर्ची ओढून दिली.

तो चार वर्षं तिच्या शेजारी बसला. रोज हेरिंग मासा खाता खाता त्याने तिला आपली सगळी नाटकं, सगळ्या टाळ्या, आणि म्हणे एकदा माफीही ऐकवली. ती खिडकीबाहेर बघत मान डोलवायची, आणि मधूनच म्हणायची, "मीठ द्या."

त्याने मीठ दिलं की आभार मात्र ती कधीच मानत नसे.