दोन घरचं औषध

आमच्या दमनहूरच्या गल्लीत इंजेक्शन घ्यायला कुणी दवाखान्यात जात नसे, अवातेफमावशीला हाक मारत. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाली तरी काळी पिशवी खांद्याला लावून दारोदार हिंडायची. हात हलका होताच, पण बायका तिला बोलवायच्या ते तिच्या गप्प तोंडासाठी. मूल होण्यासाठी उपचार चालू आहेत हे आमच्याकडे सांगायचं नसतं, नजर लागते. मावशी कुणाला काय टोचते ते तिच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईलाही, कधी कळलं नाही. या गोष्टीचा तिला भारी गर्व होता. मला त्या गर्वाचा तेव्हाही राग यायचा.

समोरच्या घरातला सब्री कुवेतला नोकरी करतो. त्या वर्षी दोन महिन्यांच्या रजेवर आला होता. लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, म्हणून या दोन महिन्यांवर सगळ्या घराचा डोळा होता. त्याची आई, उम्म सब्री, हिने मावशीला स्वयंपाकघरात गाठलं आणि गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. तिच्या लेकीला याच गोळ्यांनी दिवस राहिले होते, त्यातल्या या उरलेल्या.

"एक देऊ की दोन?"

"डॉक्टरला विचारा."

"चार वर्षं विचारतेच आहे की! जाऊ दे, दोन देते. इनासला मी व्हिटॅमिन म्हणून सांगितलंय. तू बोलू नकोस. सासूने वांझ ठरवली म्हणून रडत बसेल."

तीन दिवसांनी सून इनासनेही मावशीला बोलावलं, दोन गल्ल्या पलीकडच्या तिच्या माहेरी. अलेक्झांड्रियाच्या डॉक्टरने अंडी वाढवण्याची इंजेक्शनं लिहून दिली होती. "मावशी, सासूबाईंना कळता कामा नये. त्यांना कळलं की भाकरीच्या रांगेत सगळ्यांना कळलं."

"दुसरं काही घेतेस का?" मावशीने सवयीने विचारलं.

"सासूबाई व्हिटॅमिन देतात, तेवढंच."

मावशीने सुई भरली आणि टोचली. पुढे दहा दिवस रोज टोचत राहिली.

डॉक्टरने दर तीन दिवसांनी अलेक्झांड्रियाला सोनोग्राफीला बोलावलं होतं. इनास एकदाच गेली. नंतर सासूने पाहुण्यांसाठी द्राक्षाची पानं भरायला बसवलं, मग सब्रीच्या आत्याकडे जाणं निघालं. कुठे चाललीस म्हणून विचारलं तर काय सांगणार? चिठ्ठीतल्या तारखेवर तिने अंडी सुटण्यासाठीचं शेवटचं मोठं इंजेक्शनही मावशीकडून घेऊन टाकलं.

आठवड्याभरात तिचं पोट वर आलं. अंगात झगा मावेना. चार पोरांची आई असून उम्म सब्रीला आठ दिवसांत पोट दिसत नसतं हे कळू नये? पण आशेपुढे अक्कल कुठली! तिने खिडकीत उभं राहून आनंदाची अशी किलकारी दिली की आम्ही सगळ्या धावलो. सरबताचे पेले भरले. इनास पलंगावर उशांना टेकून बसली होती, चेहरा राखेसारखा. धाप लागल्याने ती हसूही शकत नव्हती.

मावशी आली, पेला हातात न घेताच तिच्यापाशी बसली. "लघवीला कधी गेलीस?"

"काल... थोडीशी."

"अगं, आनंदाच्या घरात हे काय विचारतेस?" उम्म सब्री म्हणाली.

मावशी उठून उभी राहिली. एवढ्या बायकांत मी तिला पहिल्यांदाच मोठ्याने बोलताना ऐकलं. "दिवस गेले नाहीत हिला. सासूबाई देतात त्या व्हिटॅमिनच्या गोळ्या नाहीत, इनास. आणि उम्म सब्री, मी हिला माहेरी दहा दिवस इंजेक्शनं दिलीत. दोन्ही एकाच कामाची आहेत. सब्री, गाडी काढ!"

उम्म सब्रीने कपाळ बडवून घेतलं. "तुला दोन्ही ठाऊक होतं? आणि तू टोचत राहिलीस?"

इस्पितळातली डॉक्टरीण सब्रीवर फार चिडली. म्हणाली, "ही औषधं आम्हीही कधी कधी जोडीने देतो, पण मोजून, तपासणी करत. तुम्ही डोळे मिटून दिलीत." पोटातून तीन लिटर पाणी काढलं. फुगलेल्या अंडाशयाला पीळ पडला होता, एक काढावं लागलं. इनास वाचली. सब्री मूल न होताच कुवेतला परतला.

मावशी तिला भेटायला गेली तेव्हा मी सोबत होते. इनासने तोंड भिंतीकडे केलं. "सासूबाईंना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुला होतं, मावशी."

"होतं."

"मग?"

मावशीने काळी पिशवी खांद्याला लावली आणि उठली. मला तिची कीव आली आणि तितकाच संतापही. माझ्या मते तिचा गुन्हा एकच, दहा दिवस गप्प राहिली.

पण गल्लीचं मत निराळं पडलं. महिन्याभरात तिला बोलावणंच येईना. कोपऱ्यावरची रागदा औषधांच्या दुकानात कमरेला सुई टोचून घेऊन लंगडत येताना दिसली. मी म्हटलं, "अगं, मावशीला बोलवायचं! त्या माणसाचा हात केवढा जड."

"नको गं बाई," ती इकडेतिकडे बघत म्हणाली. "आमचेही उपचार चालू आहेत, आणि सासूला ठाऊक नाही. तुझ्या मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही."