अंगठे फक्त स्पेसबारसाठी

जगात जे जे नवीन निघतं त्याचा पहिला धक्का आमच्या टायपिंगच्या सरांनाच बसला पाहिजे, अशी काहीतरी व्यवस्था वरूनच झालेली असावी. सरांना धक्का बसल्याशिवाय एखादी वस्तू देवळाली कॅम्पात आली असं आम्ही धरतच नसू. पाणी बाटलीत भरून विकायला आलं तेव्हा त्यांना धक्का बसला. पंखा रिमोटवर चालतो हे पाहिलं तेव्हा बसला. एकदा नाशिकरोडहून येणारी पॅसेंजर वेळेवर आली, तर हे घाबरून स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेले आणि काही वाईट बातमी तर नाही ना, अशी चौकशी करून आले. धक्का बसवून घेण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी चष्मा काढायचा, सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, पुन्हा डोळ्यांवर चढवायचा, वस्तू अजून तशीच आहे याची खात्री करायची आणि मग हलक्या आवाजात म्हणायचं, "थांबा, मला जरा बसू द्या." हे वाक्य बाजारात इतक्या वेळा ऐकू यायचं की निम्म्या दुकानदारांनी सरांसाठी म्हणून दाराशी एक स्टूल ठेवलेलं होतं. नवा माल आला की दुकानदार आधी स्टूल पुसायचा आणि मग सरांना हाक मारायचा.

मी चांदवडची. लग्न होऊन कॅम्पात आले ते नव्वदच्या दशकात, आणि तिसऱ्याच महिन्यात नवऱ्याने मला सरांच्या क्लासमध्ये नेऊन बसवलं. बाजारातल्या एका दुकानाच्या माडीवर दहा टाइपरायटर, दहा खुर्च्या आणि भिंतीला पाठ लावून उभे असलेले सर, एवढाच तो क्लास. शिकायला बहुतेक जवानांच्या बायका, बारावी झालेल्या मुली आणि पेन्शनीला टेकलेले फौजी. तोफखान्यातले एक हवालदार होते. त्यांचं एक बोट पडलं की अक्षरांच्या एका वेळी तीन कांड्या वर यायच्या आणि एकमेकींत अडकून बसायच्या. सर प्रत्येक वेळी तितकेच हादरायचे. कांड्या सोडवत म्हणायचे, "हवालदारसाब, ये मशीन है, दुश्मन नहीं. आहिस्ता." हवालदार ओशाळून हसायचे आणि पुढच्या ओळीत पुन्हा तिन्ही कांड्या वर.

सरांच्या क्लासचे नियम दोन. पहिला, बोटांची घरं ठरलेली. डावा हात ए एस डी एफ, उजवा सेमीकोलन एल के जे, आणि अंगठे फक्त स्पेसबारसाठी. अंगठ्याने दुसरं अक्षर मारणारा माणूस सरांच्या लेखी पायाने जेवणारा होता. दुसरा नियम, खोडायचं नाही. चूक झाली की कागद काढायचा, नवीन घालायचा आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात. चूक शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या शब्दात असली तरी. सरकारी परीक्षेत खोडाखोड चालत नाही हे कारण ते सांगायचे, पण मला वाटतं परीक्षेचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. चूक लपवणं हा प्रकारच त्यांना सहन होत नसे. मी एकदा रबराने एक अक्षर हळूच पुसलं होतं. सरांनी कागद उजेडात धरला, चष्मा काढला, पुसला, घातला आणि खाली बसले. रागावले नाहीत. म्हणाले, "तू सुद्धा?" मिनिटाला तीस शब्दांची आणि मग चाळीसची परीक्षा मी पास झाले, गंगापूर रोडला एका ऑफिसात चिकटले, पण त्या दोन शब्दांमुळे पुढची पंधरा वर्षं मी रबर हातात धरलं नाही.

पुढे कॉम्प्युटर आले, दहा मशिनींच्या चार झाल्या, आणि सरांच्या पत्नी गेल्या. एकुलती एक मुलगी सुजाता बेंगळुरूला नोकरीला लागली आणि तिथेच संसाराला लागली. सर माडीमागच्या दोन खोल्यांत एकटे राहिले. याच सुमाराला त्यांचे कान गेले. चाळीस वर्षं दहा मशिनींच्या खडखडाटात उभं राहिल्याचा परिणाम, असं डॉक्टर म्हणाले. याचाही सरांना धक्काच बसला. "रोज तोफा उडतात गं इथे," ते मला म्हणाले, "तोफांनी कान गेले असते तर काही मान तरी होता." सुजाता फोन करायची तेव्हा ती काय बोलते यातलं अक्षरही त्यांना कळायचं नाही. म्हणून त्यांनी सर्व प्रश्नांना पुरेल असं एक उत्तर बसवून घेतलं होतं. "मी जेवलो. तू जेव." तिने विचारलं की गोळ्या घेतल्या का, तर मी जेवलो, तू जेव. तिने विचारलं की पडलात म्हणे, खरं का, तर मी जेवलो, तू जेव. एकदा ती रडत होती, तेव्हाही तेच.

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. सुजाता दिवाळीला आली ती एक नवा फोन घेऊनच. स्मार्टफोन. वर छोटी काच आणि खाली चार ओळींत मसुरीच्या दाण्याएवढाली बटणं. तिचा हिशेब सरळ होता. बाबांना ऐकू येत नाही, पण टायपिंगमध्ये उभ्या जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. मग बाबांनी टाइप करावं. तिने एका कागदावर मोठ्या अक्षरांत अट लिहिली आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. रोज संध्याकाळी साडेसातच्या आत बाबांचा मेसेज आला पाहिजे. ज्या आठवड्यात तो चुकेल, त्या आठवड्यात ती येईल, क्लासला कुलूप लावेल आणि त्यांना बेंगळुरूला घेऊन जाईल. सरांनी तो कागद दोनदा वाचला. मग फोनकडे पाहिलं आणि चेहरा उजळला. "अगं, याची बटणं आपल्याच मशीनसारखी आहेत," मला म्हणाले, "क्यू डब्ल्यू ई आर टी. म्हणजे यांनाही शेवटी इथेच यावं लागलं."

मग सुजाताने फोन हातात धरून दोन अंगठ्यांनी टाइप करून दाखवलं आणि सरांचा उजळलेला चेहरा जागच्या जागी विझला. मी त्यांना इतका धक्का बसलेला त्याआधी कधी पाहिला नव्हता. चष्मा काढायचंही भान राहिलं नाही. पोटच्या पोरीचे अंगठे आठ बोटांच्या हद्दीत मनमानी फिरताना ते पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाकीच्या आठ बोटांनी काय करायचं?"

"फोन धरायचा, सर," मी मोठ्याने म्हणाले.

"थांबा, मला जरा बसू द्या," सर म्हणाले. ते बसलेलेच होते.

सुजाता परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी मला चांदवडला आईकडे जावं लागलं. चार दिवसांनी परत आले तर माडीच्या जिन्यातच सरांकडे स्वयंपाक करणाऱ्या भगूरच्या मावशी भेटल्या. "सर जेवत नाय, ताई," त्या म्हणाल्या. "चार दिस झाले, त्या डबीसमोर बसले हे. लय टुकटुक करतात, मग कपाळाला हात लावतात, मग परत टुकटुक." वर जाऊन पाहिलं तर सरांनी फोन टेबलावर सपाट ठेवून त्याला दोन्हीकडून पुस्तकांचे टेकू दिले होते. पाठ ताठ, कोपर अंगाला, दहाही बोटं घरात. पण ते घर एवढंसं की एका बोटाखाली चार बटणं. मुलीला ते रीतसर पत्र लिहीत होते. वर तारीख, खाली समास सोडून मायना, मग खुशाली. पाचव्या-सहाव्या ओळीत कुठेतरी बोट सरकून चूक व्हायची. चूक झाली की कागद काढायचा हा चाळीस वर्षांचा नियम. सर सगळं पत्र रद्द करायचे आणि तारखेपासून पुन्हा सुरू करायचे. चार दिवसांत पन्नास-साठ पत्रं लिहून झाली होती आणि बेंगळुरूला एकही पोचलं नव्हतं.

मी त्यांना मागे जायचं बटण दाखवलं. चुकलेलं अक्षर पुसलं, बरोबर घातलं. सर बघत राहिले. "म्हणजे चूक झाली होती हे कोणाला कळणारच नाही?"

"नाही, सर."

"कधीच?"

"कधीच नाही."

"मग शिकायचं कशाला?" असं म्हणून त्यांनी ते पत्रही रद्द केलं.

त्याच संध्याकाळी सुजाता दारात उभी राहिली. चार दिवस मेसेज नाही, माझा फोन आईकडे लागत नव्हता, बिचारी काय काय मनात घेऊन आली होती कोण जाणे. वडील धडधाकट पाहून तिला आधी हसू आलं आणि मग जो राग आला तो आम्हा दोघांनाही पुरून उरला. कपाटातून बॅग काढून ती त्यांचे कपडे भरायला लागली. सर एका मशीनवरचं आवरण नीट करत उभे राहिले. मला ते बघवेना. मी कागद घेऊन त्यावर लिहिलं, 'सर, पत्र नको. तार करा.' आणि तो त्यांच्यापुढे धरला.

सरांनी चष्मा पुसला. तार त्यांना कळत होती. तारेत तारीख नाही, मायना नाही, समास नाही. एक ओळ, आणि एका ओळीत चूक व्हायला जागा कमी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टेबलावरची शिसपेन्सिल उचलली, उलटी केली आणि तिच्या मागच्या रबराने एकेक बटण दाबायला सुरुवात केली. अंगठ्याने नाही ते नाहीच. अर्ध्या तासाने कपडे भरणाऱ्या सुजाताच्या पर्समध्ये तिचा फोन वाजला. बापाने चार हातांवरून पाठवलेला पहिला मेसेज तिने वाचला. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. 'तू न सांगता आलीस. धक्का बसला.' ती तशीच पलंगावर बसली आणि बॅगेतले कपडे एकेक करून बाहेर काढायला लागली.

तिथून पुढे दीड वर्ष सरांची तार एकदाही चुकली नाही. मजकूर रोज वेगळा, पण शेवट ठरलेला. कोथिंबीर पंधरा रुपये, धक्का बसला. शेजारच्यांनी मांजराला बिस्किटं आणली, धक्का बसला. तुझ्या आईची साडी सापडली, अजून वास आहे, धक्का बसला. ही शेवटची सुजाताने मला दाखवली होती. एरवी फोनवर बापाकडून जे कधी ऐकायला मिळालं नाही ते तिला रोज साडेसातच्या आत मिळत होतं. आणि सर कॅम्पात, आपल्या माडीवर, आपल्या चार मशिनींजवळ राहत होते.

मग एका दुपारी सर जिन्यावरून पडले. उजवं मनगट मोडलं, डोक्याला टाका पडला, आणि डॉक्टरांनी एक दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. मी ऑफिसातून धावत गेले तर सर प्लॅस्टर घातलेला हात छातीवर घेऊन घड्याळाकडे बघत होते. सात वाजून गेले होते. "आजची तार तू कर," म्हणाले. "लिही, सर्व ठीक."

"सर, तिला सांगायला हवं," मी म्हणाले. ऐकू आलं नाही, की त्यांनी ऐकलं नाही, कोण जाणे. "लिही. सर्व ठीक," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला दुसरं काही करवलं नाही. पाच सेकंदांत, दोन अंगठ्यांनी, मी सरांच्या फोनवरून तो मेसेज पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुजाता दवाखान्यात हजर. मुंबईपर्यंत विमानाने, तिथून टॅक्सीने आणि माडीखालच्या दुकानात विचारून इथे. मी थक्क झाले. "तुला कोणी कळवलं?" मी विचारलं. "तुम्हीच, ताई," ती बापाच्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाली. "दीड वर्षात एक दिवस असा गेला नाही की बाबांना कशाचा धक्का बसला नाही. काल 'सर्व ठीक' वाचलं आणि लगेच तिकीट काढलं." सरांनी मात्र चष्मा काढला नाही, काही नाही. मुलीकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, "आलीस? चल." तेवढ्यानेच मला कळलं की आता हे परत येणार नाहीत. महिन्याभरात क्लासला कुलूप लागलं.

पुढचे कित्येक दिवस मी त्या जिन्याखालून जायचं टाळत होते. वेगळं काही लिहिलं असतं तर, या विचाराने झोप लागायची नाही. शेवटी एकदा ऑफिसात बसल्याबसल्या न राहवून मी बेंगळुरूला मेसेज केला. 'सर, माझ्यामुळे तुम्हाला कॅम्प सोडावा लागला. मला माफ करा.' लगेच उत्तर येणार नाही हे माहीत होतं. मनगट जुळलं होतं, पण पेन्सिल धरायला त्रास व्हायचा असं सुजाता म्हणाली होती. तासाभराने फोन वाजला.

'टायपिस्टची चूक नाही. मजकूर माझा होता.'

मी ते दोनदा वाचलं. मग पदर तोंडाला लावून, सगळ्या ऑफिससमोर, मी रडू आवरेपर्यंत रडले.