एक वाचक समोर बसवा

ज्ञानेश्वरीनं पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा साठ-पासष्ट माणसं एकदम हसली, आणि त्यांत मीही होते.

"बाई, तुमी दर येळी सांगता, लिवताना एक वाचक समोर बसवा. मी बसवला. आता तो उठतच न्हाई, तर काय करायचं?"

दर रविवारी दुपारी चार वाजता मी नगरमधल्या माझ्या घरातून मोबाईलवर व्याख्यान देते. फुकट. नव्यानं लिहिणाऱ्यांनी आपलं पुस्तक प्रकाशकापर्यंत कसं न्यावं, करारपत्रात काय बघावं, मुद्रितं कशी तपासावीत, असे विषय. तेवीस वर्षं एका लहानशा प्रकाशन संस्थेत लोकांची हस्तलिखितं वाचली, आता शिकले ते वाटून टाकावं असं वाटलं. उगाच वाटलं, असंही अधूनमधून वाटतं. येणाऱ्यांतले निम्मे 'आवाज येत नाही' एवढंच लिहितात, आणि उरलेल्यांना पुस्तक लिहून व्हायच्या आधीच प्रकाशन समारंभाला कोणाला बोलवावं याची चिंता असते. स्वतः मी एक ओळ कधी छापली नाही. कोणी विचारलं की मी विषय बदलते.

ज्ञानेश्वरी वर्षभर गुपचूप ऐकत होती. पारनेर तालुक्यातली, सुप्यापासून सात किलोमीटर आत तिचं गाव. अंगणवाडीत मदतनीस. नवरा अमृत सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, मुलगी शाळेत. हातातला फोन लॉकडाऊनमध्ये मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला, म्हणून माझ्या पडद्यावर तिच्या चौकटीखाली 'निकिता, चौथी ब' असं नाव यायचं. ती निकिता आता नववीत आहे. नाव बदलता येतं हे ज्ञानेश्वरीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला तिची दखल घ्यायची गरज कधी वाटली नव्हती.

हसण्याबद्दल मला नंतर लाज वाटली, म्हणून तिला फोन केला. ती सासूवर लिहीत होती. सासू म्हणजे साळूबाई, गेल्या मार्गशीर्षात वारलेली; ती त्यांना आत्या म्हणायची. लिहिलेलं टाईप करायला जमत नाही म्हणाली. मी म्हटलं, मोठ्यानं वाच, फोनवर रेकॉर्ड कर आणि पाठव.

तिनं पाठवलं. नवऱ्याला कंपनीत मिळालेल्या डायऱ्यांमध्ये लिहिलेलं ती सावकाश वाचत होती. 'बहात्तरच्या दुष्काळात आत्या खडी फोडायला जायच्या.' आणि मागं कोणीतरी म्हणालं, "हूं." 'कामावर खायला सुकडी मिळायची ती पदरात बांधून घरी आणायच्या.' "हूं." म्हाताऱ्या बाईचा, थोडा घोगरा, पण लक्ष देऊन ऐकणारा हुंकार. गोष्ट सांगणाऱ्याला समोरच्यानं द्यावा तसा.

लिखाण अस्सल होतं. इतकं साधं आणि नेमकं मी फार वर्षांत वाचलं नव्हतं. मी खूश होऊन तिला फोन केला आणि चेष्टेनं म्हटलं, "नशीबवान आहेस गं. आमच्या घरात माझं बोलणं कोणी ऐकत नाही, तुझ्याकडे हुंकार देणाऱ्या आजीबाई आहेत. कोण त्या?"

ती हळू म्हणाली, "तुमाला बी आयकू येतंय तर. मला वाटलं मलाच येतंय. बाई, दुपारी घरात मी एकलीच असती."

मी भित्री नाही. पण फोन ठेवल्यावर घरातले सगळे दिवे लावले, भर दुपारी.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे गेले. सुप्यापर्यंत एसटी, पुढं रिक्षा. ज्ञानेश्वरी चाळिशीची, हडकुळी, केसांना चापून तेल लावलेली. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची सवय. घर तीन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. आतल्या खोलीत भिंतीला टेकून तिची बसायची जागा आणि तिच्यापुढं हातभर अंतरावर एक पाट. पाटावर काही नव्हतं. प्रवासानं माझं अंग आंबलं होतं, मी सरळ त्यावर बसायला गेले.

"तिथं नको, बाई," ती म्हणाली. घाईनं नाही, पण मी अर्धी वाकलेली तशीच थांबले.

तिनं मला चटई दिली आणि सगळं सांगितलं. तिच्या माहेरी श्रावणात रामाची पोथी लावायचे. पोथी लावली की मारुतीसाठी एक पाट मांडायचा, तो ऐकायला येतो म्हणून. पोथी संपली की नैवेद्य दाखवायचा आणि पाट उचलायचा. "तुमी म्हनलात वाचक समोर बसवा. म्हनलं, वाचायचंय ते आत्यांचंच. मग पाट मांडला आन त्यांना म्हनलं, बसा."

माझं एक वाक्य. प्रत्येक नवशिक्याला सांगायचं, पाठ झालेलं वाक्य. ते कोणी असं मनावर घेईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"मग आता नैवेद्य दाखव आणि पाट उचल," मी जरा चिडूनच म्हटलं. "पुस्तक संपलंय ना?"

"संपलं न्हाई. एक वाक्य ऱ्हायलंय."

हुंकार तिला वाचताना ऐकू येत नव्हता, रेकॉर्ड केलेलं परत लावलं की यायचा. तिनं मला शेवटचं प्रकरण लावून दाखवलं. 'रविवार होता. मी आतल्या खोलीत बाईंचं व्याख्यान ऐकत होते.' "हूं." 'आत्या पुढं पडवीत पडल्या होत्या.' "हूं." 'त्यांनी कोणाला हाक मारली नाही. झोपेतच गेल्या.'

काही नाही. डायरीचं पान सळसळलं तेवढंच.

"ह्ये डाक्टर म्हनलं, आमचे मालक म्हनले, सारा गाव म्हनला. झोपंतच गेल्या, पुण्यवान बाई. त्याला हूं येईना. मग मी वाक्य बदललं." तिनं दुसरं रेकॉर्डिंग लावलं. 'मला त्यांची हाक ऐकू आली नाही.' आणि तो घोगरा आवाज लगेच म्हणाला, "हूं."

ज्ञानेश्वरी माझ्या कपाळाकडे बघत म्हणाली, "म्हंजी त्यांनी हाक मारली, बाई. मी आयकली न्हाई. आता काय म्हनून मारली ते सापडंना."

दोन डायऱ्या तिनं त्या एका वाक्यासाठी भरल्या होत्या. आत्यांनी पाणी मागितलं. छातीत दुखतंय म्हणाल्या. अमृतला बोलव म्हणाल्या. मला शिव्या दिल्या. मर म्हणाल्या. एकेका पानावर एकेक वाक्य, आणि प्रत्येक वाक्य तिनं पाटासमोर वाचलं होतं, रेकॉर्ड केलं होतं आणि कान लावून ऐकलं होतं. एकालाही हुंकार नाही. तीन महिने तिचं हे चाललं होतं. जेवण सुटलं होतं, अंगणवाडीतली पोरं तिला घाबरायला लागली होती.

"त्या पान्यावाचून गेल्या का माज्यावर चिडून गेल्या, येवढं कळलं की बास. मग पुस्तक छापू नका, जाळा."

मी तिला समजावलं. लेखकानं कुठंतरी थांबायला हवं, ते वाक्य काढून टाक, प्रकाशक ते मागणारही नाही, असलं काहीबाही बोलले. उठायच्या आधी खात्री करावी म्हणून माझ्या व्याख्यानाच्या टिपणांतलं एक पान पाटासमोर वाचून रेकॉर्ड केलं. परत लावलं तर मागं नुसती शांतता. मला हायसं वाटलं आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

निघताना पडवीतली साळूबाईंची बाज बघितली. बाजेच्या उशाशी एक खिडकी होती. ज्ञानेश्वरी म्हणाली, "घरात रेंज फकस्त हितंच येती. तुमच्या व्याख्यानाला फोन मी आतल्या अंगानं ह्या खिडकीत ठिवती आन कानात लांब वायर घालून बसती."

नगरला पोचेपर्यंत माझ्या डोक्यात ती खिडकीच होती. माझी सगळी व्याख्यानं रेकॉर्ड होऊन माझ्याकडे साठवलेली असतात. तरी मी आठ दिवस कपाटं आवरली, मुद्रितं तपासली, कोणाकोणाला फोन केले. मला काहीतरी अंधुक आठवत होतं आणि ते आठवायचं नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी मी मार्गशीर्षातला तो रविवार उघडला. हस्तलिखितासोबत प्रकाशकाला पत्र कसं लिहावं, हा विषय. अडतिसाव्या मिनिटाला माझ्या बोलण्यात दुसरा आवाज घुसला आणि पडद्यावर एक चौकट उजळली. खाली नाव, 'निकिता, चौथी ब'.

म्हातारा, घोगरा आवाज. "ज्ञानू... तुजं झालं की ये गं." थोडं थांबून, धाप लागल्यासारखं, "घाई न्हाई. तुजं होऊंदे."

त्यावर माझा आवाज, खणखणीत, हसत: "अहो, कोणाचा तरी माईक चालू आहे. आजीबाईंना म्हणावं, प्रवेश घ्या आमच्या वर्गात!" लोक हसले. पुढच्याच क्षणी चौकट विझली. मीच ती बंद केली होती. आवाज बंद करायचं बटण माझ्याकडेच असतं.

साळूबाईंची शेवटची हाक साठ माणसांनी ऐकली होती. ज्ञानेश्वरी सोडून सगळ्यांनी; आपल्या फोनमधून गेलेला आवाज आपल्या कानात परत येत नाही.

मी रडले, बराच वेळ. तिला सांगू नये असं शंभरदा मनात आलं. पण ती भरत असलेल्या डायऱ्या डोळ्यांसमोरून हलेनात. मी फोन केला. म्हटलं, "ज्ञानेश्वरी, हाक मारली होती. माझ्याकडे आहे. मी ऐकली होती तेव्हा, आणि मी..."

ती म्हणाली, "तुमी आयकली तर तुमीच लिवा, बाई. मी कशी लिवू? मी आयकलीच न्हाई. लिवा आन हितं येऊन वाचा."

ती सगळी रात्र मी चार ओळी लिहीत होते. लोकांच्या शेकडो पानांवर लाल पेन चालवलेली बाई मी, चार ओळींना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटासमोर चटईवर बसले. ज्ञानेश्वरीनं फोन मधे ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. मी वाचलं.

'अडतिसाव्या मिनिटाला साळूबाईंनी हाक मारली. त्या म्हणाल्या, ज्ञानू, तुजं झालं की ये गं. घाई न्हाई. तुजं होऊंदे. ती हाक मी ऐकली, हसले, आणि माझ्या हातानं बंद केली.'

ज्ञानेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच डोळ्यांत. मग तिनं रेकॉर्डिंग परत लावलं. माझा चिरकलेला आवाज. पहिल्या ओळीनंतर, "हूं." साळूबाईंच्या बोलण्यानंतर, "हूं." शेवटच्या ओळीनंतर काही क्षण काहीच आलं नाही. मग आला, पण अगदी जवळून, फोनच्या तोंडाशी आल्यासारखा. "हूं."

ज्ञानेश्वरीचा चेहरा सैल झाला. तीन महिन्यांत न आलेलं रडू आलं आणि रडतारडताच ती हसली. "चिडल्या नव्हत्या," ती म्हणाली. "बाई, त्या चिडल्या नव्हत्या." मग तिनं डायरी मिटली, पदरानं तोंड पुसलं आणि रिकाम्या पाटाकडे वळून, घरातल्या माणसाला सांगावं इतक्या सहज म्हणाली,

"माजं झालं, आत्या. आले."

आणि ती उठायला लागली. साळूबाईंनी तिला कुठं बोलावलं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी झडप घालून तिचं मनगट धरलं. मनगट गार होतं. संध्याकाळी अमृत कामावरून येईपर्यंत मी ते सोडलं नाही.