कोंडाजींनी हलवलेली नळी

नांदगावच्या एका दवाखान्यात कोंडाजी पगार यांनी उभी हयात औषधे बनवून दिली. बाटलीत पातळ औषध भरावे, डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी बाहेरून चिकटवावी आणि रोग्याच्या हाती देण्यापूर्वी बाटली खळाखळा हलवावी, हा त्यांचा शिरस्ता होता. पुढे डॉक्टर वारले, दवाखाना बंद पडला. मनगटाची सवय मात्र सुटली नाही.

यंदा पोटदुखीने त्यांना घेरले. जेवण तुटले, सदरा सैल झाला. थोरले बंधू पोटाच्या कर्करोगानेच गेले होते, त्यामुळे कोंडाजींनी मनाशी निकाल लावून टाकला. नाशिक रोडला राहणारी त्यांची लेक ललिता त्यांना रुग्णालयात घेऊन गेली. दुर्बिणीने तपासणी झाली आणि जठराचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत गेला. सोबत एका संशोधनासाठी थोडे रक्त मागितले गेले. कोंडाजींनी होकार दिला. रक्त घेणारी हर्षाली कापूस आणायला वळली, तेव्हा तिने नळी क्षणभर त्यांच्या हाती दिली होती.

तुकड्याचा अहवाल येण्याआधीच फोन आला : पुन्हा रक्त द्यायला या.

कोंडाजींनी समोरचे ताट सारले. "झालं, ललिते. सापडलं त्यांना."

"नाना, तसं काही म्हणाले नाहीत ते."

"फोनवर कोन सांगतं? आमचे डॉक्टर बी वाईट असलं की एवढंच म्हनायचे, पुन्हा येऊन दाखवा."

ललितेने ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवले.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात हर्षालीने कोंडाजींना बसवले आणि विचारले, "आजोबा, मागच्या वेळी मी वळले, तेव्हा नळीचं काय केलंत?"

"काय करनार? चांगली खळाखळा हलवली. नायतर खाली साका बसतो."

"अहो, ते रक्त होतं, खोकल्याचं औषध नव्हे!" हर्षालीने कपाळाला हात लावला. मग तिने समजावून सांगितले. पेशीत प्रथिने बनवण्याचे हुकूम निघतात. त्यांतले काही हुकूम अडवणारे अतिसूक्ष्म रेणू असतात, त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. पोटाच्या कर्करोगात त्यांतले काही वाढतात, काही घटतात, आणि त्याचा माग रक्तातही लागतो का, हे ती मंडळी शोधत होती. "तुम्ही हलवलंत आणि तांबड्या पेशी फुटल्या. त्यांच्यातले रेणू बाहेर सांडले. आता पोटाकडून आलेले कोणते आणि सांडलेले कोणते, कसं ओळखायचं?"

"म्हंजी माझ्यात कॅन्सर नाय सापडला?"

"तुमचं रक्त तपासताच आलं नाही! आणि आमचा हा नुसता अभ्यास आहे. आजाराचं काय ते तुकड्याच्या अहवालातच कळेल."

कोंडाजींचा अर्धा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांदा रक्त देताना त्यांनी मोकळा हात मांडीखाली दाबून धरला. नळीकडे पाहिलेसुद्धा नाही.

दुपारी डॉक्टरांनी आत बोलावले. अहवाल त्यांच्यासमोर होता. कर्करोग नव्हता. जठरात व्रण होता आणि त्यामागे जंतू होते. गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा आणि व्रण भरला की नाही, ते पाहण्यासाठी पुन्हा दुर्बीण घालायची, असे ठरले. ललितेने पदराने डोळे टिपले.

औषधाच्या दुकानात गोळ्यांसोबत पांढऱ्या पातळ औषधाची बाटली मिळाली.

"नाना, ही हलवा आता मनसोक्त," ललिता म्हणाली.

कोंडाजींनी बाटली कानाशी नेली आणि अशी खळाखळा हलवली, की रांगेतले लोक वळून पाहू लागले.

"ललिते," ते म्हणाले, "सकाळी भाकरी केली व्हती ना? हाय का शिल्लक?"