बाळ येशू आणि भुईमुगाचा पाला

मागच्या नाताळात आमचा बाळ येशू शेळीनं पळवला. तोही जन्माच्या आधीच.

आता तुम्ही म्हणाल, असं कुठं होत असतं का? होतं. घरात माझ्यासारखा हुशार माणूस असला की काहीही होतं. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. (शैला, म्हणजे माझी बायको, म्हणते की हेच काम तुम्ही घरी फुकट करता.)

तर, आमच्याकडं नाताळाला घरोघर गव्हाणी मांडतात. छोटासा गोठा, त्यात योसेफ, मारिया, मेंढपाळ, गाय, गाढव, सगळी मंडळी आठवडाभर आधीच येऊन बसतात. मधली गव्हाण मात्र रिकामी! चोवीस तारखेच्या संध्याकाळी घरातल्या मोठ्या माणसानं बाळ येशूची मूर्ती तिथं ठेवायची आणि गाणं उचलायचं, की झाला नाताळ सुरू. आमच्या घरी मूर्ती आई ठेवायची. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेली ती वीतभर मूर्ती. वर्षभर ती लग्नातल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची. आणि गाणं उचलायचे आबा. आबांचा जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेला, त्यामुळं चालू इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय. त्यांनी हर्सूलमध्ये तोंड उघडलं की दौलताबादच्या किल्ल्यावरची माकडं खाली उतरायची म्हणतात. (म्हणणारा मीच.)

ईस्टर झाला आणि आई गेली.

त्या दिवसापासून आबांचं गाणं बंद. जेवणाआधीची प्रार्थना बंद. सकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसायचं, संध्याकाळी उठायचं. एका रविवारी मी म्हणालो, "आबा, चला की चर्चला."

"तूच जा. मला तिथं कुणी दिसत नाय."

"कोण दिसत नाही?"

"ज्याला भेटाया जातात, तो."

आणि हे म्हणतंय कोण? मला गुडघे टेकायला शिकवणारा हा माणूस. डिसेंबर लागला तशी मला एकच काळजी, आबा यंदा बाळ येशू ठेवतील का? यंदा नाही ठेवला, तर ते पुन्हा कधीच ठेवणार नाहीत, हे मला आतून कळत होतं.

माणूस दुःखात असला की थर्मोकोल आणावा, असं कुठंही सांगितलेलं नाही. पण मी आणला! चांगली भिंतभर गव्हाणी करायची, असं ठरवलं. डोंगर, दिवे, फिरता तारा. बघूनच आबांना उमाळा आला पाहिजे! शिवाय चोवीस तारखेला चर्चचे फादर घरोघर फिरून गव्हाण्यांना मार्क देतात, आणि पलीकडच्या गल्लीतले जाधवसर दरवर्षी मोटर लावून धबधबा पाडतात. पण मी हे फक्त आबांसाठी करत होतो. (आणि थोडंसं जाधवसरांसाठी.)

सगळं झालं, गवत तेवढं राहिलं. आणि गवत होतं गंगाबाईकडं.

आमच्या मागच्या भिंतीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. तिथं पत्र्याचा एक बुटका गोठा आणि त्यात गंगाबाईच्या शेळ्या. गंगाबाई सिल्लोडकडची धनगरीण. नवरा गेला, पण तिनं शेळ्या सोडल्या नाहीत. वर्षभर माझं तिचं भांडण ठरलेलं. मी भिंतीवरून ओरडायचो, "गंगाबाई, वास येतो!" ती पलीकडून, "शेळ्यांचा वास नाय तर काय गुलाबाचा येईन?"

शैला म्हणाली, "वर्षभर जिच्या गोठ्याला नाक मुरडलं, तिच्याच दारात निघालात?"

"गोठा अस्सल दिसायला नको?"

"अस्सल गोठा भिंतीपलीकडं हाये की. मग हा थर्मोकोलचा कशाला?"

मी रागावलो आणि निघालो.

"भुईमुगाचा पाला हाये वाळलेला, चालंन का?" गंगाबाई म्हणाली. "पन कशाला पायजे?"

"गोठा करतोय. शोभेचा."

"शोभेचा गोठा?" तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली, जशी चारा न खाणाऱ्या जनावराकडं टाकतात. "न्या. पन दार लावून ठेवा बरं. आमची झिपरी नुकतीच व्यायलीय, भूक लई तिला. ह्या पाल्यासाठी ती भिंतबी चढंन."

"माझ्या हॉलमध्ये शेळी येणार?" मी खो खो हसलो.

चोवीस तारीख. दुपारपासून मी नवा पांढरा सफारी चढवून तयार. फादर यायची वेळ झाली तसं मी पुढचं दार सताड उघडलं. का? तर रस्त्यावरूनच गव्हाणी डोळ्यांत भरली पाहिजे! आबांना त्रास नको म्हणून मूर्तीचं गाठोडं गव्हाणीशेजारीच ठेवलं, नुसतं उचलायचं आणि ठेवायचं. आबा व्हरांड्यात बसले होते, तोंड भिंतीकडं करून. शैला करंज्या तळत होती. तेवढ्यात फिरता तारा अडकला आणि लाइट गेली. मी मागं फ्यूज बघायला गेलो.

"आरं शेळी! शेळीऽऽ!"

आबांचा आवाज! ईस्टरनंतर आबा पहिल्यांदा ओरडले, आणि काय ओरडले बघा!

मी धावत आलो. बेथलेहेमच्या मधोमध झिपरी उभी! छप्पर खाऊन झालं होतं, आता ती डोंगराच्या पायथ्याशी पोचली होती. योसेफ आडवा, गाढव कोचाखाली. तिथं चांगले तीन मेंढपाळ उभे होते, पण एकालाही शेळी आवरता आली नाही. मी मागून जाऊन तिची शेपटी धरली. शेळी मागून धरायची नसते, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तिनं एक लाथ माझ्या गुडघ्यावर दिली, समोरचं लुगड्याचं गाठोडं दातात धरलं आणि दिव्यांची माळ शिंगांत अडकवून दाराबाहेर!

"मूर्ती! मूर्ती घेऊन गेली!" शैला झारा घेऊनच धावली. मी लंगडत तिच्यामागं.

गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचं पंक्चरचं दुकान. ते ओरडले, "क्या हुआ सायमनभाई? बकरी के पिच्छू कायकू भाग रे?"

"आमचा येशू घेऊन पळाली!"

"हौले हुए क्या!" म्हणाले (म्हणजे वेडे झालात का), आणि हातातली ट्यूब टाकून तेही धावायला लागले.

झिपरी डावीकडं, आम्ही डावीकडं. झिपरी पाण्याच्या टँकरखालून गेली. मीही जाणार होतो, पण सफारी नवा होता म्हणून वळसा घातला आणि तो थेट उकिरड्यातून निघाला. पाय घसरला. पुढचं वर्णन करत नाही. उठून बघतो तर शेळी गायब! मेलो, मनात म्हटलं. आईची एकुलती एक खूण, आणि ती मी शेळीच्या तोंडी दिली. आबांना आता काय तोंड दाखवू?

"अहो," शैला एकदम थबकली, "आबा कुठंयत?"

आम्ही घरी पळालो. खुर्ची रिकामी. काठी खुर्चीला टेकलेली, तशीच. आठ पावलं चालायला काठी मागणारा माणूस काठीशिवाय गेला कुठं?

"मूर्ती ऱ्हाऊ द्या, आधी आबा हुडका!" शैलाचा आवाज रडवेला झाला. मला तर सुचेचना. ओट्याखाली बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, पलंगाखालीही बघितलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून आवाज आला. कुणीतरी हसत होतं. मोठ्यानं, पोट धरून, इंजिनाच्या वर!

मी वळसा घालून गंगाबाईच्या गोठ्यापाशी गेलो. पत्रा इतका खाली की आत शिरायला वाकावंच लागतं. (मी नाही वाकलो. डोक्याला टेंगूळ आलं. मग वाकलो.) आत आबा लेंड्यांत फतकल मारून बसलेले. शेजारी झिपरी, शिंगांत माळ, निवांत रवंथ करतेय. आणि समोरच्या लाकडी गव्हाणीत तिचं तांबूस करडू झोपलेलं, त्याच्या अंगाला लागून अर्धवट चघळलेलं लुगडं, आणि लुगड्यात आमचा बाळ येशू. धडधाकट!

"आली तशी पिल्लापशी गेली," गंगाबाई सांगत होती, "अन् त्वांडातलं गव्हाणीत टाकलं. मला वाटलं जुनं फडकं हाये. तेवढ्यात आबा आले धापा टाकीत, शेळी पिल्लापशीच आली आसंन म्हनत."

आबांचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ते मूर्तीशी बोलत होते.

"आरं लबाडा! अख्ख्या घरात हुडकलं म्या तुला. चर्चात हुडकलं, तिच्या मातीपशी जाऊन हुडकलं. आन् तू हितं, लेंड्यांत व्हय? तुला दुसरी जागाच नाय आवडत का रं?"

हसता हसता त्यांचा आवाज चिरला आणि ते रडायला लागले. आई गेली त्या दिवशीसुद्धा आबा रडले नव्हते.

मी पुढं व्हायला लागलो तर गंगाबाईनं मला हातानं थांबवलं. "रडू द्या त्यांना. रडा आबा. माझा मालक गेला तवा म्याबी हितंच बसून रडले. हितं कुणी उठ म्हणत नाय."

आबांनी लुगड्याच्या टोकानं डोळे पुसले. मूर्ती दोन्ही हातांनी उचलली, कपाळाला लावली आणि करडाच्या कुशीत ठेवली. मग आई जसं नीट करायची तसं पांघरूण नीट केलं. आणि गाणं उचललं! पहिली ओळ फाटली, दुसरी थरथरली, तिसऱ्या ओळीला गोठ्याचा पत्रा वाजायला लागला. वर्षभर मी ज्या जागेवर भिंतीवरून ओरडत होतो, तिथं माझ्या बापाला त्याचा देव परत भेटला होता, आणि मी इकडं थर्मोकोल कापत बसलो होतो.

आवाज ऐकून फादर आले. हातात मार्कांचा कागद. ते शहाणे, आधीच वाकले. आत बघितलं आणि हळूच विचारलं, "ही गव्हाणी कुणाची?"

"माझी," गंगाबाई धास्तावली. "का वो, काई चुकलं का?"

"नाही बाई," फादर म्हणाले, "काहीच चुकलं नाही." कागद घडी करून त्यांनी खिशात घातला, चपला काढल्या आणि तिथंच लेंड्यांत गुडघे टेकले. शैला झाऱ्यासकट टेकली. सलीमभाई दाराशी उभे राहून मांडीवर ठेका धरायला लागले. गंगाबाई म्हणाली, "पाव्हणे आलेत, च्या तरी टाकते," आणि चरवी घेऊन झिपरीखाली दूध काढायला बसली.

आता मात्र मला राहवेना. मन भरून आलं होतं. मी उकिरड्यातल्या सफारीसकट आबांच्या शेजारी बसलो, डोळे मिटले आणि त्यांच्या सुरात माझा सूर मिसळला. मनापासून, अगदी गळा काढून! एक कडवं झालं, दुसरं सुरू झालं, तोच माझी बाही कुणीतरी ओढली.

"सायेब," गंगाबाई कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तुमी नका गाऊ. आबांचं चालतंय तिला. तुमचं सुरू झालं की शेळी पान्हा चोरती."

मी गप्प बसलो, तेव्हा कुठं सगळ्यांना चहा मिळाला.