सम्राटाच्या कानावरची हिरवी भुकटी

चष्मे दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली 'भिंगकाका' म्हणे. दिवसभर भिंग लावून लोकांच्या चष्म्यांच्या दांड्या बसवायच्या आणि दुकान बंद झालं की तेच भिंग डोळ्याला लावून रोमन सम्राटांची कांस्य नाणी न्याहाळायची, हा त्यांचा जन्माचा नाद. मातीने माखलेली, कुणी ढुंकूनही न पाहिलेली नाणी ते आणत आणि लाकडी काडीने टोकरत बसत. हळूहळू एखादं नाक वर येई, एखादी दाढी. काकू म्हणत, "माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत!"

एका सकाळी त्यांच्या लाडक्या, जाड मानेच्या सम्राटाच्या कानावर फिकट हिरवी भुकटी दिसली. दमट हवेत कांस्याला रोग लागतो, नाणं आतून पोखरलं जातं आणि हाती उरतो तो भुगा, हे त्यांना ठाऊक होतं. शेजारच्या नाण्यांनाही तो लागला तर? त्यांनी एकेक नाणं वेगळं ठेवायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या वाट्या संपल्या, मग कप संपले.

"अहो, चहा काय ओंजळीत ओतू?"

काका हसले नाहीत. पुढचे काही दिवस ना त्यांना धड घास उतरला, ना डोळा लागला. शेवटी काकूंनीच चपला पायात सरकवल्या. "चला, संग्रहालयात दाखवू. कुढत बसून काय होणार?"

तिथे जुन्या धातूंची निगा राखणाऱ्या बाईंनी नाणं सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, सुईच्या टोकाने भुकटी अलगद उचलली. काकांचा जीव टांगणीला लागला.

"रोग असता तर खाली खड्डा दिसला असता," बाई म्हणाल्या. "इथे जुना काळसर थर जसाच्या तसा आहे. हा तर तेलरंग! घरात हिरवं काही खरवडलंत का?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "खिडकी! तिचा जुना हिरवा रंग मीच घासला. नाण्यांचा ट्रे खालीच होता. आणि घास घास म्हणून माझ्या मागे कोण लागलं होतं?"

काका असे खदखदून हसले, की बाईंनाही हसू आवरेना. बाहेर पायऱ्यांवर मात्र ते मटकन बसले. "जरा बसू या गं." काकू शेजारी टेकल्या.

परतीच्या बसमध्ये त्यांना गाढ झोप लागली. उतरायचा थांबा आला, पण काकूंनी त्यांना हलवलं नाही.

"शेवटपर्यंत जाऊ," त्या कंडक्टरला हळूच म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी झोपलेत."