रेषेवरचे मास्तर

बाजाराच्या कोपऱ्यावरचं मास्तरांचं शिवणकामाचं दुकान वर्षातून एक आठवडा बंद असायचं. क्लबच्या हिरवळीवर तेव्हा व्यावसायिक पुरुष खेळाडूंची टेनिस स्पर्धा भरायची आणि मास्तर स्वतः शिवलेला निळा कोट चढवून बाजूच्या रेषेपाशी खुर्चीवर बसायचे. चेंडू बाहेर पडला तर "आउट" म्हणायचं, आत पडला तर तळवे जमिनीकडे धरून गप्प राहायचं. काम एवढंच, पण त्या एका शब्दासाठी हजारो माणसं श्वास रोखून बसलेली! मोठमोठ्या नटांनी हेवा करावा असा तो थाट.

"गिऱ्हाईकं दारातून परत जातात आणि हे तिकडे गवत राखतात," असं बायको दरवर्षी म्हणायची. म्हणायची आणि कोटाला इस्त्रीही तीच करायची.

यंदा ती काही बोलली नाही. सुईत दोरा आताशा तीच ओवून देत होती. मास्तरांच्या नजरेच्या मधोमध डाग आला होता. चष्म्याने तो जाणार नाही, वाढतच जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. क्लबात मास्तरांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. एवढी एक स्पर्धा पार पडू दे, मग मानाने खुर्ची सोडतो, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं. त्यांची सगळी भिस्त रेषा आखायच्या खडूच्या पुडीवर होती. रेषेला चेंडू लागला की पांढरा धुरळा उडतो, आणि तो त्यांना डोळ्याच्या कडेने अजून दिसत होता.

बाहेरच्या कोर्टांवरचे सामने त्या धुरळ्याच्या जोरावर निभावले. उपांत्य सामना मात्र मुख्य कोर्टावर होता आणि तिथल्या रेषा यंदा रंगाने आखल्या होत्या. ही गोष्ट मास्तरांना कळली ती पहिलाच चेंडू रेषेजवळ पडल्यावर. धुरळा उडाला नाही. ते "आउट" म्हणाले. उंच खुर्चीवरच्या पंचांनी निर्णय फिरवला. ज्याचा चेंडू होता तो गुडघ्याला पट्टी बांधलेला, उतरत्या वयाचा खेळाडू; त्याने मास्तरांकडे नुसतं पाहिलं आणि तो जागेवर परतला.

शेवटच्या सेटमध्ये, सामना अगदी काट्यावर आलेला असताना, त्याचाच चेंडू पुन्हा तिथेच पडला. मास्तरांना फक्त हिरवं दिसलं. "आउट" म्हणावं तर त्या माणसाचं वर्ष बुडेल, गप्प बसावं तर समोरच्याचं. सगळं स्टेडियम त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

मास्तरांनी दोन्ही हात उचलले आणि डोळ्यांवर धरले.

मला दिसलं नाही, याची ती खूण. खेळाडू मध्ये आला की रेषेवरची माणसं ती करतात. मास्तरांच्या समोर कोणीही नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

पंचांनी चेंडू आत धरला. खेळाडूंनी बाजू बदलताना रेषेवरच्या माणसांचा प्रमुख आला, वाकून म्हणाला, "मास्तर, जरा आत येता?" त्याचा आवाज फार मऊ होता. खुर्चीवर दुसरा बसला.

बायको प्रेक्षकांतून उठून मागच्या खोलीत आली. "मला वाटलं होतं, दडपून काहीतरी म्हणाल."

"जिभेवर आलं होतं," मास्तर म्हणाले. "पण त्याचा गुडघा बघितलास ना."

तिने त्यांच्या कोटाची बटणं काढायला घेतली. एरवी ते तिचा हात बाजूला सारायचे. बाहेरून नव्या माणसाचा "आउट" ऐकू आला.

"आवाज चांगलाय," मास्तर म्हणाले, आणि मान खाली घालून उभे राहिले.